रांजणांवर उभं नाटकघर

बडोद्याहून निघालो तेव्हा शेजारची मंडळी धरूनच चालली की आम्ही महाबळेश्वरला जात आहोत. संक्रांत तोंडावर आलेली, हवा थंड, नवराबायको दोघंच. दुसरीकडे कुठे जाणार? मीही फारसा खुलासा केला नाही. हळदीचं गोदाम झालेलं एक जुनं नाटकघर बघायला एवढ्या लांब चाललोय, हे मला स्वतःलाच नीट पटलेलं नव्हतं.

आमच्या ह्यांचा धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. पुण्यात शिकत असताना ह्यांच्या खोलीत राहणारे दत्तोबा आता सांगलीला लाकडाची वखार चालवतात. त्यांच्या आजोबांनी ऐन पेठेत नाटकाचं थेटर बांधलं होतं. आजोबा गेले, नाटक कंपन्या मोडल्या, आणि लढाईच्या दिवसांत ते थेटर एका व्यापाऱ्याला हळद ठेवायला भाड्यानं दिलं गेलं. आता त्याचं स्वतःचं गोदाम तयार झालं होतं आणि थेटर विकायचं चाललं होतं. घेणारा कोल्हापूरचा सिनेमावाला होता. तो आतलं सगळं काढून टाकणार होता. दत्तोबांनी ह्यांना कळवलं, "इमारत राखण्याजोगी आहे की नाही, एवढं येऊन सांग. मग आम्ही मोकळे."

ह्यांनी मोजमापाची फीत, ओळंबा आणि कागदांची लांब नळी घेतली. मी तिळगूळ आणि दोन जाड शाली घेतल्या.

पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी गाडी लहान रुळांची. ती अशी डुलत जाते की समोरच्या माणसाची ओळख होण्याआधी त्याच्या गुडघ्यांची होते. समोर एक जवान बसला होता. पलटण मोडल्यावर नाव कमी करून घरी, कुंडलला निघाला होता. लोणंदला गाडी बराच वेळ थांबली. फलाटाशेजारी कांद्याच्या पोत्यांची भिंतच उभी होती आणि तो उग्र वास डब्यात भरून राहिला. त्यानं खाली उतरून आमच्यासाठी भजी आणली आणि ह्यांच्या नळीकडे बघून विचारलं, "सायेब, ही तोफ कशाची?"

ह्यांनी सांगितलं, जुनी नाटकघरं बघायला निघालोय. त्याचा चेहरा उजळला.

"मी बगितलंय की एक. इटलीत. लढाई थांबल्यावर सायबानं आमाला समद्यास्नी नेलं. माडीवर माडी, माडीवर माडी, आन रंग समदा सोन्याचा. बाई मधी उभी ऱ्हाऊन गात हुती, पार वरच्या माडीला बसून आमाला शब्दन् शब्द ऐकू येत हुता."

"भाषा कळली का?" मी विचारलं.

"न्हाई की वैनी. पर ती रडाय लागली तवा आमचा हवालदार बी रडाय लागला. त्यो लय कडक मानूस."

"बायका कुठे बसल्या होत्या? वरच्या गॅलरीत?"

"आवं कुटं बी. खाली, वर, बाप्यांच्या शेजारी. आमाला बी नवल वाटलं. मंग सवय झाली."

लोणंदच्या पुढे गाडी डोंगरात शिरली. बाहेर ज्वारी हुरड्याला आली होती आणि शेताशेतांत धुराच्या बारीक रेघा दिसत होत्या. साताऱ्याच्या स्टेशनावर आम्ही उतरलो तेव्हा जवानानं आमची पेटी खिडकीतून हातात दिली. गाव स्टेशनापासून बरंच लांब. मोटार लाल धूळ उडवत निघाली, कृष्णेचा पूल ओलांडला, आणि गावावर ओणवा झालेला अजिंक्यतारा दिसू लागला. त्याची सपाट माथ्याची आकृती बघून हे म्हणाले, "याला छप्पर घालायचं राहून गेलंय." मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला भूक लागली होती.

साताऱ्यात उतरण्याचं कारण म्हणजे तिथलं थेटर सांगलीच्याच गवंड्यांनी बांधलेलं होतं, असं दत्तोबांनी सांगितलं होतं. कंदी पेढे खात आम्ही पेठेत शोधत गेलो. दर्शनी भागाला तीन लाकडी महिरपी, वर गच्चीचा कठडा, त्यावर चुन्यातले दोन मोर. पण मोरांच्या मध्ये कापडी फलक ताणलेला आणि त्यावर लांब केसांची एक नटी डोळे मोठे करून बघत होती. थेटरात सिनेमा चालू होता. ह्यांचा चेहरा उतरला.

"आलोच आहोत तर तिकीट काढू या," मी म्हणाले.

आत गेलो आणि थोड्याच वेळात यंत्र बंद पडलं. अंधारात शिट्ट्या सुरू झाल्या. कंदील घेऊन एक म्हातारे गृहस्थ लोकांना शांत करत फिरू लागले. ते इमामभाई. नाटकांच्या दिवसांत पडदे रंगवणं आणि ओढणं हे त्यांचं काम. आता ते तिकिटं बघत. ह्यांनी त्यांना मागचा रंगमंच बघायला मिळेल का, असं विचारलं.

"मिळंल की. या, बाईसाहेबास्नी बी आना."

सिनेमाच्या पांढऱ्या पडद्यामागे गेलो आणि मी चकित झाले. रंगमंच जसाच्या तसा होता. वर आढ्याला गुंडाळलेले पडदे: राजवाडा, जंगल, रस्ता. इमामभाईंनी दोरी सैल केली आणि जंगलाचा खालचा हातभर तुकडा आमच्यापुढे उतरला. हिरव्या गवतात एक ससा बसलेला होता. तिथेच घोंगडी टाकून इमामभाईंची बायको आणि लेक बसल्या होत्या. एवढ्यात यंत्र सुरू झालं आणि सगळा सिनेमा आम्हाला मागून, उलटा दिसू लागला. नायक डाव्या हातानं जेवत होता.

"उलटं दिसतं, त्याचं काही वाटत नाही?" मी विचारलं.

त्यांची बायको म्हणाली, "उलटं आन सुलटं काय बाई, रडायच्या जागी रडतोच की त्यो."

इमामभाईंनी सांगितलं, की सिनेमाचा पडदाही नाटकाच्या पडद्यासारखा बांबूला गुंडाळलेला आहे. गावात नाटक आलं की तो वर ओढायचा; नाटक गेलं की खाली सोडायचा. "मालक म्हनले, रंगमंच मोडू नगा, आपला कवा लागंल ते कुनी सांगावं." आम्ही उरलेला सिनेमा त्या घोंगडीवर बसून उलटाच बघितला. इतकी मजा मला सुलटा सिनेमा बघताना कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. कऱ्हाडच्या पुढे ऊस लागला आणि डब्यात गुऱ्हाळाचा गोड वास येऊ लागला. मिरजेला गाडी बदलून छोट्या फाट्यावरच्या गाडीत बसलो, आणि नीट बसतो न बसतो तोच सांगली आली. दत्तोबा टांगा घेऊन उभे होते. कॉलेजातले सडपातळ दत्तोबा मी फोटोत पाहिले होते. हे गृहस्थ टांग्याची एक बाजू खाली दाबत होते.

या गावाला नाटकाचा अभिमान फार. मराठी नाटक आमच्याकडे जन्मलं, असं टांगेवाल्यानं आम्हाला स्टेशनाबाहेर पडायच्या आत सांगून टाकलं. पण त्या दिवसांत गावाचा खरा कारभार हळदीचा. रस्त्यात हळद, बैलांच्या शिंगांवर हळद, हमालांच्या भुवयांवर हळद. नदीकाठी पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे) आहेत, पण ज्याला पेव मिळालं नाही त्यानं मिळेल त्या छपराखाली पोती रचलेली. त्यातलंच एक छप्पर आमचं.

दत्तोबांच्या घरी आक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकून आम्हाला आत घेतलं. आक्का म्हणजे दत्तोबांच्या चुलती. नवरा तरुणपणीच वारलेला, मूलबाळ नाही. सासऱ्यांनी मरताना थेटर त्यांच्या नावावर केलेलं. त्यांचं माहेर जतकडचं, त्यामुळे बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द येई. मला बघून त्यांनी विचारलं, "तुझं म्हायेर कुटलं गं?"

"आई-वडील राहिले नाहीत," मी म्हणाले.

"मंग आजपासनं हेच. आन हे जावई." त्यांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला.

त्या दिवशी भोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, गाजर-वांगं-पावट्याची ती सगळ्या भाज्यांची भाजी, लोण्याचा गोळा. जेवताना दत्तोबांनी विक्रीची गोष्ट काढली. सिनेमावाला उद्या-परवा येणार होता. छप्पर दर पावसाळ्यात गळतं, दुरुस्ती किती दिवस करत राहायची, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी आक्कांना विचारलं.

"मला काय वाटायचं? माझ्या नावावर हाय, पर म्होरच्या दारानं मी कवा आत गेली न्हाई. आमी बाया मागच्या बोळातनं जिन्यानं वर जायच्या, जाळीमागं बसायच्या. इकायचं तर इका."

जेवणानंतर आम्ही थेटर बघायला गेलो. आक्का आल्या नाहीत.

दर्शनी भाग पाहताच साताऱ्याची ओळख पटली: तशाच महिरपी, तसेच मोर. पण इथलं जोतं काळ्या दगडाचं आणि कामही जास्त मन लावून केलेलं. आत पाऊल टाकलं तर सगळं जग पिवळं. खांब, कठडे, कोळ्यांची जाळी, सगळ्यांवर हळदीची भुकटी बसलेली. झरोक्यांतून आलेलं ऊनसुद्धा पिवळं होऊन खाली उतरत होतं. हमाल उरलेली पोती बाहेर नेत होते. डोळे सरावल्यावर वर बघितलं. छत सागवानी फळ्यांचं, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना वाकत आलेलं, पालथ्या होडीसारखं. एक खिळा दिसत नव्हता. दत्तोबा म्हणाले, आजोबांनी कारवारच्या जंगलातून निवडून आणलेलं लाकूड ते. धंद्यातला चांगला माल बाजूला काढून इथे लावला, म्हणून आजी आयुष्यभर रागावलेली होती.

दोन्ही बाजूंना बायकांची गॅलरी, तिला बारीक नक्षीची जाळी. मी जिन्यानं वर जाऊन जाळीला डोळा लावला. रंगमंच दिसत होता, पण चांदणीच्या आकाराच्या तुकड्यांत.

हे छपराच्या लाकडांत चढले आणि तासाभरानं उतरताना चुकून उसवलेल्या पोत्यावर पडले. लागलं नाही. पण उठले ते टोपीपासून जोड्यापर्यंत पिवळे. हमालांनी तोंडं फिरवली. मला हसू आवरेना. हे मात्र आपल्याच नादात होते.

"पश्चिमेकडची एक तुळई वाळवीनं खाल्लीय. कौलं बदलावी लागतील. बाकी हे लाकूड आपल्या नातवंडांनाही पुरेल," ते दत्तोबांना म्हणाले आणि रंगमंचावर चढले. फळ्या कशा आहेत ते बघायला त्यांनी टाच आपटली. आवाज थांबला नाही. खालून कुणीतरी हुंकार द्यावा तसा घुमत राहिला. त्यांनी पुन्हा आपटली, दोन पावलं सरकून आणखी एकदा. मग गुडघ्यांवर बसून जमिनीला कान लावला.

"दत्तोबा, खाली काय आहे?"

दत्तोबांना माहीत नव्हतं. हमालांच्या मदतीनं कडेची एक फळी उचलली. कंदील खाली सोडला तर जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठे रांजण, तोंडं वर करून, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे रिकामे. रिकाम्या रांजणाच्या तोंडाशी बोललं की आवाज भरून येतो, त्याच युक्तीवर सगळा रंगमंच उभा केलेला. ह्यांनी असं काही पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हे कुणी केलं, कसं केलं, विचारायचं कुणाला?

मी घरी धावत गेले आणि आक्कांना सांगितलं. निवडत असलेले तीळ सुपात तसेच राहिले.

"अजून हायेत व्हय ते?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, कवाच फुटलं असतील."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या लहान होत्या, परकर-पोलक्यातल्या. मामंजींना नाटकाचं वेड, पण सुराचा गंध नव्हता. रांजण पुरले की आवाज मोठा होतो, हे त्यांना कुणा गवयानं सांगितलेलं. पण कुठला रांजण चांगला, ते ओळखायचं कसं? एकदा सूनबाई जात्यावर गाताना त्यांनी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून कुंभारवाड्याला नेली.

"मी रांजणाच्या तोंडाशी वाकून गायाची. मामंजी रांजणाच्या पोटावर तळहात ठिवायचे. रांजण थरारला की म्हनायचे, ह्यो घ्या. न्हाई थरारला, की फुडं. लय दिस गेलो आमी. कानडी गानी संपली, मराठी संपली, मंग मी नुसतीच मनचं गायाला लागली. आत्याबाई घरात बडबडत हुत्या, सुनंला कुंभारवाड्याला नाचवतोय म्हातारा." त्या हसल्या. "मंग वर फळ्या ठोकल्या. मी जाळीमागं बसाय लागली. गानं बी तवाच थांबलं."

"चला," मी म्हणाले.

"कुटं?"

"समोरच्या दारानं."

त्यांनी नाही म्हटलं. गुडघे दुखतात म्हटलं, लोक काय म्हणतील म्हटलं, लुगडं जुनं आहे म्हटलं. मी पेटीतून दुसरं लुगडं काढून दिलं. पेठेतून त्या माझा हात धरून आल्या आणि महिरपीखाली क्षणभर थांबल्या. आत ह्यांना बघून त्यांचा पदर तोंडावर गेला.

"अगं बया, जावयाला हळद लागली."

आता मात्र हमाल मोकळेपणानं हसले. त्या हशात आक्का रंगमंचावर चढल्या. हळदीनं माखलेल्या फळ्यांवर त्यांची पावलं उमटत गेली. मधोमध उभ्या राहून त्यांनी एकदा खाली बघितलं आणि गायल्या. आवाज म्हातारा, पहिल्या शब्दाला कापलेला.

जताच्या माळावरी वारा सुटतो सोसाट्याचा
गाते मी सासरी, कान माझ्या माहेराचा

दुसऱ्या ओळीला खालून रांजणांनी सूर धरला. तो आवाज मोठा झाला असं म्हणणं पुरेसं नाही. तो गोल झाला, छताच्या होडीत चढला आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत सबंध आला. हमालांनी पोती खाली ठेवली. आक्का स्वतः दचकल्या, आणि मग त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी न कापता. गाणं संपल्यावर त्या कुणाला उद्देशून नाही, पण स्पष्ट म्हणाल्या, "हे मोडायचं न्हाई."

 दत्तोबांनी होकाराची मान हलवली, पण चेहऱ्यावर काळजी होती. छप्पर अजून गळकंच होतं.

सिनेमावाला संक्रांतीच्या दिवशी सकाळी थेटरातच आला. माणूस सभ्य, आणि व्यवहाराला पक्का. रंगमंच काढला तरच पुढे खुर्च्या बसतील आणि पडदा मागच्या भिंतीवर जाईल, असं त्याचं म्हणणं. आक्का म्हणाल्या, मग नको. बोलणं तिथेच तुटत होतं. मला इमामभाई आठवले. बायकांनी व्यवहारात बोलायची पद्धत नव्हती, पण मी साताऱ्याचा बांबूवरचा पडदा सांगितला, आणि मागून बघायलाही कशी मजा येते तेही सांगितलं. ह्यांनी लगेच कागद पसरून पडदा कुठे लटकेल ते रेखाटलं. सिनेमावाल्यानं ते खूप वेळ न्याहाळलं.

"विकत घेणार नाही मग. भाड्यानं घेईन," तो अखेर म्हणाला. "कौलं आणि तुळई मी बदलतो, तो खर्च भाड्यातून वळता करा. नाटक असेल तेव्हा पडदा वर."

"आन बायांनी बोळातनं यायाचं न्हाई," आक्का म्हणाल्या.

"तिकीट काढलं तर छपरातून या, माझी हरकत नाही."

दत्तोबांनी एवढ्या जोरात निःश्वास सोडला की खालचे रांजण नक्की घुमले असतील. आक्कांनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

आम्ही निघण्याच्या आदल्या दुपारी आक्कांनी थेटरात हळदीकुंकू केलं; विधवेची रीत नाही म्हणून कुंकू लावायला मला उभं केलं. हळद वेगळी आणायची गरज नव्हती. नुसतं खांबाला टेकलं तरी पुरे. पेठेतल्या बायका समोरच्या दारानं आल्या, बागवान गल्लीतल्याही आल्या, आणि खाली सतरंज्यांवर ऐसपैस बसल्या. पुरुषांना आक्कांनी वरच्या गॅलरीत, जाळीमागे पाठवलं. हे आणि दत्तोबा मागच्या बोळातून जिना चढून गेले. आक्का गायल्या. मग एक एक जण उठून रंगमंचावर जाऊ लागली. कुणाला ओवी येत होती, कुणाला नुसता उखाणा. एका बाईला काहीच आठवेना, तर तिनं आपल्या मुलांची नावं मोठ्यानं म्हटली आणि ती कशी घुमतात ते कान देऊन ऐकलं. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. जाळीमागून दत्तोबांचा आवाज आला, "आम्हाला नीट दिसत नाही."

"आमाला बी दिसत नव्हतं," खालून कुणीतरी म्हटलं.

परतीच्या प्रवासात हे नकाशा पुरा करत होते. खांब, तुळया, महिरपी, सगळं कागदावर आलं होतं. रांजणांची वर्तुळं काढून झाल्यावर त्यांची पेन्सिल थांबली. "इथे काय लिहू? आवाज कसा काढायचा?" त्यांनी विचारलं.  इमारतीचा इतिहास सांगताना लोक लाकूड कुणी दिलं, गवंडी कुठले होते, पहिलं नाटक कोणतं झालं ते सांगतात. आम्हीही तेच विचारत गेलो होतो. पण ती इमारत उभी राहिली होती एका लहान सुनेच्या गळ्यावर, आणि ते सांगायला तिला कुणी समोरच्या दारानं बोलावलंच नव्हतं. बोलावल्यावर ती आली, एवढंच काय ते घडलं. आणि त्यात एक नाटकघर वाचलं.

बडोद्याला पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. ह्यांनी कुलूप काढलं. बंद घराचा कोंदट वास आला. एरवी मी आधी दिवा लावते. त्या दिवशी उंबऱ्यातच थांबले आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "आलो आम्ही." आतल्या रिकाम्या खोल्यांनी ते ऐकलं आणि जरा थांबून, माझ्याच आवाजात, मला परत सांगितलं.